कानापर्यंतची काठी

मुनीर मास्टरनं टेप कमरेपासून घोट्यापर्यंत सोडला, आकडा पाहिला, चष्मा कपाळावर ढकलला आणि टेप पुन्हा लावला. मग मशीनमागच्या खिळ्याला दोरीनं टांगलेली मापांची वही काढून त्यानं पानं उलटत उलटत अजिनाथचं नाव गाठलं. "सर, दो साल पहले छत्तीस था," तो म्हणाला, "आज साडे अडतीस आरा." अजिनाथ म्हणाला, तेव्हा कमी घेतलं असेल. "मैं?" मास्टरनं छातीवर हात ठेवला. "छब्बीस साल से छावणी में बैठा हूं. कमर वहीच, सीना वहीच, बाही वहीच. खाली टांग बढ़ गई. तीस के बाद कोई बढ़ता क्या, सर?" आणि स्वतःच हसून त्यानं जुन्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहिला. जुना खोडला नाही. दिवाळीच्या पाडव्याआधी पँट मिळेल म्हणाला. एवढंच झालं. शिंपी आणि गिऱ्हाईक यांच्यात याहून जास्त काही घडायचं कारण नव्हतं. पण दुकानाच्या दोन पायऱ्या भिंतीला धरून, एकेक पाय तिरका टाकत उतरताना अजिनाथच्या पाठीला घाम फुटला, आणि स्कूटरवर बसून किल्ली लावल्यावरही तो बराच वेळ तसाच बसून राहिला. वर्षभरात त्याला पकडणारा हा पहिला माणूस, आणि त्याच्या हातात होता एक मळका टेप. सहा दिवसांनी पाडवा होता. पाडव्याला गावी जायचं होतं आणि तिथं आबा होते. आबांना टेपसुद्धा लागत नव्हता.

झालं होतं ते सांगायला फार वेळ लागत नाही. गेल्या दिवाळीनंतर सोनाजी, म्हणजे अजिनाथचे आबा, नेहमीप्रमाणे मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं निघून गेले, आणि त्यानंतर आठव्या दिवशी एकतीस वर्षांच्या अजिनाथनं परगावच्या एका इस्पितळात आपल्या दोन्ही नडग्यांची हाडं मुद्दाम मोडून घेतली. डॉक्टर त्याला मोडणं म्हणत नाहीत, पण करवत लावून हाडाचे दोन तुकडे करण्याला दुसरं काय म्हणायचं ते अजिनाथला अजून समजलेलं नाही. आतून सळई घातली, बाहेरून लोखंडी कडी बसवली आणि त्या कड्यांचे नट रोज चारदा पाव पाव मिलिमीटर फिरवायचे. दोन तुकडे एकमेकांपासून सरकतात आणि मधल्या फटीत नवं हाड धरतं. पासष्ट दिवसांत साडेसहा सेंटिमीटर. पाच फूट दोन इंचांचा माणूस पाच फूट साडेचार इंचांचा झाला. पैशाचं विचारू नये. जमवले होते, गेले. घरात हे फक्त दिपालीला ठाऊक होतं, त्याच्या धाकट्या बहिणीला. ती शहरात नर्सिंग करते आणि हर्सूलच्या दोन खोल्यांत त्याच्यासोबत राहते. आई-आबांना फोनवर सांगितलं ते वेगळंच. मोटारसायकलवरून पडलो, दोन्ही पाय मोडले, सळया घातल्यात, काळजी करू नका, येऊ नका. आता खोटं बोलायला जगात कमी विषय आहेत का? पण या शहाण्यानं निवडला मोडलेला पाय, आणि तोही कुणापुढं, तर पंचक्रोशीतले लोक ज्याच्याकडं पाय मोडलेली शेरडं-मेंढरं खांद्यावर टाकून घेऊन येतात त्या माणसापुढं. आबा बांबूच्या कामट्या आणि जुन्या धोतराची पट्टी घेऊन बसले की मेंढीसुद्धा ओरडायची थांबते. फोनवर ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं होतं, "हाड भाईर आलं व्हतं का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मंग बसंल."

का केलं, याचं त्याला एक कारण सांगता यायचं नाही. अजिनाथ गणित शिकवतो, टीव्ही सेंटरजवळच्या एका खाजगी क्लासमध्ये. तिथला फळा जरा उंचावर बसवलेला. वरची वीतभर पट्टी त्याच्या हाताला यायची नाही. तो उदाहरण खालून सुरू करायचा, आणि त्याच्या तासानंतर फळ्याच्या वरच्या बाजूला मागच्या सरांचं काहीतरी तसंच राहिलेलं असायचं, केमिस्ट्रीचं एखादं समीकरण, तारीख, सुविचार. पोरं काही म्हणत नव्हती. पण एकदा एका मुलीनं वहीत उतरवून घेताना त्याच्या गणिताच्या डोक्यावर ते केमिस्ट्रीचं समीकरणही उतरवलं होतं, आणि ती वही तपासताना त्याला जे वाटलं ते तो कुणाला बोलला नाही. मग मुली बघणं सुरू झालं. सिल्लोडकडच्या एका घरी पोहे झाले, बोलणं झालं, मुलीचे काका बाहेर येऊन दुसऱ्या कुणाला तरी म्हणाले, "पोरगं बसल्यालं बरं दिसतंय." ते हसण्यावारी नेण्यासारखं होतं. त्यानं नेलंही. घरी येऊन तोच किस्सा दिपालीला रंगवून सांगितला, दोघं हसले. त्या रात्रीपासून तो मोबाइलवर ते हाडं वाढवून घेण्याचे व्हिडिओ बघायला लागला. एवढं मात्र त्याला नक्की आठवतं की त्या सगळ्या महिन्यांत त्याच्या मनात आबांची उंची एकदाही आली नाही. आबा बुटके आहेत हे त्याला माहीतच नव्हतं म्हणा ना. आबा म्हणजे आबा. पुढं काठी, मागं मेंढरं, आणि अर्धा दिवस चाललं तरी न थकणारी ती चाल. बापलेक एकमेकांशी बोलायचे तेव्हा डोळ्याला डोळा भिडायचा. पाच फूट दोन आणि पाच फूट दोन. हे गणित त्याला सुचलं ते पाय मोडून घेतल्यावर, खाटेवर पडल्या पडल्या, आणि तेव्हापासून ते त्याला सोडत नव्हतं. आपण जे पाच फूट दोन कापून काढलं ते आपलं नव्हतंच. ते आबांचं होतं. हे त्यांना कळलं तर ते काय म्हणतील यापेक्षा ते काहीच न म्हणता नुसतं ऐकून घेतील, याची त्याला भीती होती.

नट फिरवायचं काम दिपालीचं. सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी, दुपारी जेवायला येऊन, संध्याकाळी, झोपताना. हातात छोटा पाना, ओठांत ओढणीचं टोक. नट फिरताना दुखत नाही, लोकांना वाटतं तसं. दुखतं नंतर. हाड वाढायला कबूल असतं, पोटरी नसते. ओल्या चामड्याची वादी ताणून खुंटीला बांधावी तशी पोटरी ताणून राहते, टाच जमिनीला टेकत नाही, आणि झोप म्हणजे वीस वीस मिनिटांचे तुकडे. चाळिसाव्या दिवशी डाव्या पावलाला मुंग्या आल्या. पन्नासाव्या दिवशी मुंग्या गेल्या आणि पावलाचा वरचा भाग बधिर झाला. डॉक्टर फोनवर म्हणाले, पाच सेंटिमीटर झालेत, इथं थांबलेलं बरं, पण निर्णय तुमचा. दिपालीनं पाना उशाशी ठेवून दिला. "दादा, पाच लई झालं. पायाचं वाटोळं करून घेशील." तो म्हणाला, "दीडच राहिलंय." ती म्हणाली, "कशाला पायजे ते दीड? कोण मोजणार हाय?" त्यानं पाना उचलून तिच्या हातात दिला. पुढचे पंधरा दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, नट मात्र वेळेवर फिरवले. त्या दीड सेंटिमीटरचा हिशेब आता असा लागला आहे की डाव्या पायातली चप्पल निसटली तर त्याला कळत नाही. मागून कुणीतरी सांगतं. तो वळतो, चपलेपर्यंत जातो, थँक्यू म्हणतो.

बाकीचं बरं चाललं आहे. खोटं कशाला बोला, फळ्याची ती वीत आता हाताला येते. दिवाळीच्या सुट्टीआधी तो क्लासला परत रुजू झाला तेव्हा पहिल्या दिवशी त्यानं तारीख अगदी वरच्या कडेला लिहिली आणि मुद्दाम जरा मागं सरून पाहिली. छाती भरून आली, हे खरंच. पंचविसाव्या मिनिटाला पोटऱ्या पेटल्या. शिपायानं स्टूल आणून दिलं. आता तो निम्मा तास स्टुलावर बसून शिकवतो, आणि स्टुलावरून हात पोचतो तो फळ्याच्या मध्यापर्यंत. पोरांना वाटतं ॲक्सिडेंट. ती स्टूल उचलायला धावतात. उकिडवं बसता येत नाही, मांडी घातली तर उठायला कुणीतरी लागतं, पळणं नाही. चाल बदलली आहे. पाऊल टाकताना तो किंचित डोलतो, डोक्यावर काहीतरी घेऊन चालल्यासारखा. गावाकडचा सखाराम चुलता एकदा हर्सूल नाक्यावर अगदी दोन हातांवरून पुढं निघून गेला, मग वळून चेहरा बघून म्हणाला, "तू व्हय! मागून वळखू आला नायस."

वर्षभर लपवणं मात्र सोपं गेलं, कारण झोपलेला माणूस कुणाला उंच दिसत नाही. आई, कस्तुराबाई, संक्रांतीनंतर एक दिवस येऊन गेली. रजई गळ्यापर्यंत. तिनं रजईवरूनच पाय चाचपले, कड्यांवर हात थांबला, डोळे पुसले, कळण्याच्या भाकरी करून ठेवून गेली. मृगाला मेंढरं परत आली तेव्हा आबा दोनदा आले. दोन्ही वेळा तो खाटेवर आडवा. आबा खुर्चीवर न बसता खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले, चहा प्याले, पावसाचं बोलले. एका मेंढीला जुळं झालं ते सांगितलं. आपली काठी नदी उतरताना पिचली, नवी तोडायला सवड नाही, कुणाची तरी फिरवतो आहे, हेही सांगितलं. पाय दाखव म्हणाले नाहीत. अजिनाथनं मनात सुटकेचा श्वास सोडला होता.

पण पाडव्याला झोपून भागणार नव्हतं. त्यांच्या घरात पोराचं वाढणं थांबलं की बाप वेळू तोडून त्याची काठी करतो. पोराला मेढीला, छपराच्या लाकडी खांबाला, पाठ लावून उभं करायचं, वेळू शेजारी धरायचा आणि कानाच्या भोकाशी खूण करून तोडायचा. ती काठी मग जन्मभराची. पुन्हा माप नाही. पोरगं गुरं राखो, नाहीतर शहरात नोकरी करो, काठी घरी वळचणीला असते आणि पाडव्याला हातात घ्यावी लागते. त्या दिवशी वाडग्यात, मेंढरांच्या कुडाच्या आवारात, लेंड्यांची रास करून पुजायची, दूध उतू घालायचं, मेंढरांच्या पाठीवर गेरूचे पंजे उठवायचे, आणि मग घरातल्या पोरानं काठी उंच धरून हाळी देत वाडग्याभोवती एक फेरा पळायचा. मेंढरं त्याच्यामागं पळतात. अजिनाथ एकुलता एक. बाराव्या वर्षापासून फेरा त्याचाच. पळता येणार नाही, हे सांगायला अपघात होताच. काठीचं काय सांगणार? या सहा दिवसांत त्यानं आरशासमोर उभं राहून, गुडघे किती अंशांत वाकवले म्हणजे साडेसहा सेंटिमीटर कमी भरतील, याचं गणित खरोखर कागदावर मांडलं. उत्तर आलं. तसं दोन मिनिटं उभं राहून पाहिलं आणि पोटऱ्यांतून कळ मस्तकात गेली. जे मिळवायला वर्ष घातलं ते एका दिवसापुरतं घालवायला तो धडपडत होता. दिपाली दारातून बघत होती. "सांगून टाक की," ती म्हणाली. "काय सांगू?" तो म्हणाला. "तुमच्यासारखं दिसायचं नव्हतं मला, असं सांगू?" 

पाडव्याला सकाळी दिपालीनं स्कूटर चालवली, तो मागं बसला. फुलंब्री मागं पडली, कच्चा रस्ता लागला, उडणाऱ्या स्कूटरवर सळया हाडांच्या आतून बोलत राहिल्या. वाडग्यापाशी आई हातात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तो उतरून उभा राहिला तशी तिची नजर खालून वर गेली आणि वर जाऊन जरा अडखळली. "बूट लई उंच घातलेस रं," ती म्हणाली आणि ओवाळायला लागली. पूजा झाली. त्याच्यासाठी कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली होती, तो तिच्यावर बसून सगळं बघत होता, आणि खुर्चीवर बसलेला असेपर्यंत सगळं ठीक होतं. मग आबांनी वळचणीची काठी काढली. वर्षाची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली. "ऊठ," ते म्हणाले.

तो उठला. काठी घेऊन त्यानं ती तिरकी, अंगापासून लांब धरली. "नीट धर की. सरळ." त्यानं सरळ धरली. टोक हनुवटीच्या रेषेत आलं. आबांनी जवळ येऊन काठीच्या टोकावर आपल्या हाताची बोटं आडवी लावली, एक, दोन, तीन, चार. चौथं बोट कानाशी गेलं. आई म्हणाली, "अहो, बूट हाईत त्याचे." आबा म्हणाले, "बूट काढ." त्याला वाकता येईना, दिपालीनं खाली बसून बूट काढले. बूट साधेच होते, पातळ तळाचे. आबांनी पुन्हा बोटं लावली.

"दिपे, तुला ठावं व्हतं?"

दिपाली बूट हातात धरून मातीकडं बघत राहिली.

"मोडल्याला पाय आखूड व्हतो, लेकरा," आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "लई झालं तर व्हता तेवढा ऱ्हातो. येवढी मेंढरं बांधली म्या, वाढल्याला पाय एक बी नाय बघितला. मृगात आलो तवाच कळलं. तुझ्या पायथ्याशी बसलो व्हतो. आधी तुझी पावलं खाटंच्या गाताच्या, पायथ्याच्या दांडीच्या, आत ऱ्हायची, तवा गाताच्या भाईर आल्ती. म्हनलं, सांगंल आपून होऊन."

 ज्या खाटेवर अजिनाथ वर्षभर लपून होता तिथंच तो सापडला होता, आणि हा माणूस चार महिने ते पोटात ठेवून पावसाचं बोलत होता.

"दुखलं?" आबांनी विचारलं.

"दुखलं."

"किती दिस?"

"पासष्ट दिवस वाढवलं. नंतरही दुखतंय. अजून."

"आन् कशापायी?"

फळा, सिल्लोडचे काका, सगळी उत्तरं त्यानं तयार ठेवली होती. त्यातलं एकही आलं नाही. "मला बुटकं राहायचं नव्हतं, आबा," तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर आपण हे कुणाच्या तोंडावर म्हणालो ते त्याला कळलं. समोरचा माणूस मान वर करून त्याच्याकडं बघत होता. इतकी वर्षं ती मान वर करावी लागली नव्हती. अजिनाथला लाज वाटली आणि हाताशी काही धरायला नाही म्हणून त्यानं ती आखूड काठीच घट्ट धरली.

 "आसंल," आबा म्हणाले. "माझा समदा जलम मेंढरांत गेला. त्यांनी कधी तोंडावर म्हनलं नाय." मग त्यांनी त्याच्या हातातून काठी घेतली, वाडग्याच्या कुडाला लावून ठेवली आणि छपरावर टाकलेल्या वेळूंतला एक ओढून काढला. कोयता आणला. "मेढीला टेक." आई म्हणाली, "अहो, जल्माची काठी आसती, दोनदा माप घेत न्हाईत." "जल्माचं पोरगं बी आसतं की," आबा म्हणाले, "त्यानं बदललं, मी काय करू?" अजिनाथ मेढीला पाठ लावून उभा राहिला. एकविसाव्या वर्षी उभा होता तसाच. तेव्हा आबांनी सरळ हात पुढं करून कानाशी खूण केली होती. आता ते चवड्यांवर उभे राहिले. वेळूचा हिरवा वास आला, कोयत्याचे तीन घाव, आणि टोक तासून त्यांनी काठी त्याच्या हातात दिली. "आता थांबलास न्हवं वाढायचा? का आनिक एक वेळू राखून ठिवू?" आई आधी हसली आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. अजिनाथ म्हणाला, "थांबलो, आबा."

"फेरा?"

"पळता येत नाही."

"कवाच न्हाई?"

"डॉक्टर म्हणतात, वर्षा-दोन वर्षांनी बघू."

आबांनी मान हलवली. मेंढरं वाडग्यात दाटीवाटीनं उभी होती, पाठीवर गेरूचे ओले पंजे. फेरा कुणीतरी घालायलाच हवा होता. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, कुडाला लावलेली ती जुनी काठी उचलली, सवयीनं अंगाशी उभी धरली. टोक त्यांच्या कानाशी आलं, बरोबर भोकापाशी. त्यांनी ते बोटानं चाचपून पाहिलं. "ही मला व्हती की," ते म्हणाले, "उगं वर्षभर लोकांच्या काठ्या फिरवल्या." त्यांनी काठी उंच धरली, हाळी दिली आणि पळायला लागले. अंगावर काटा आणणारी ती हाळी ऐकून मेंढरं एकदम वळली आणि धुरळा उडवत त्यांच्यामागं निघाली.

अजिनाथ नव्या काठीवर भार देऊन उभा होता. उंचावरून त्याला सगळं दिसत होतं, मेंढरांच्या पाठींवरून पार पलीकडच्या कुडापर्यंत. आबांचं पागोटं, वर धरलेली त्याची जुनी काठी, आणि खाली ते दोन आखूड पाय, भराभर पडणारे, जमीन जेमतेम सोडणारे, एकदाही न अडखळणारे. वीस वर्षं तो असाच पळाला होता. पळताना आपण कसे दिसतो ते माणसाला कधी दिसत नाही. त्याला ते आज दिसलं. छान दिसत होतं.